सातव्या पानाची निरगाठ

१

फाइलीत सहावे पान होते, आठवे पान होते, सातवे नव्हते.

व्यायामबाईंनी फाइल तिसऱ्यांदा चाळली. हाडांच्या त्या दोनमजली रुग्णालयात मोडलेले सांधे पुन्हा हलते करायचे काम त्या तीस वर्षे करत होत्या. रोज निदान वीस जणांना त्या विचारत, "घरी व्यायाम केला का?" आणि वीसच्या वीस जण म्हणत, "हो बाई." सांधा मात्र हाताला लागताच वेगळे सांगे. तेव्हापासून माणसाच्या जिभेवरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. स्वतःच्या नवऱ्याने जेवलो म्हटले तरी त्या आधी ताट बघत.

समोर छोट्या डॉक्टर उभ्या होत्या. त्या शिकायला आल्या तेव्हापासून बाई त्यांना ओळखत, त्यामुळे चार लोकांत 'डॉक्टर' आणि दार लावले की 'पोरी'. आता दार लावलेले होते.

"पहिल्यापासून सांग, पोरी."

"शिलाईच्या दुकानातले कटिंग मास्तर. शिडीवरून पडले, उजव्या कोपराचं टोक मोडलं. मी तारेनं हाड बांधलं. हाड छान जुळतंय. पण करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे, वाकलंय. त्यांच्या धाकट्या भावानं तक्रार दिलीय, की ऑपरेशनमध्ये मी नस कापली."

"कापलीस?"

"बाई!"

"विचारलं फक्त. पुढे?"

"नस आधीच गेलेली होती. सकाळी दहाला मी बोटं तपासली, सातव्या पानावर लिहिलं. दुपारी तीनला ऑपरेशन. पान मीच लिहिलेलं म्हणून तेव्हा उघडून बघितलं नाही. ऑपरेशनची नोंद आठव्यावर केली. आता बघते तर सातवं गायब."

"मास्तरांना विचारलंस?"

"म्हणतात, आठवत नाही, दुखण्यात होतो."

समिती उद्या चार वाजता बसणार होती. पान मिळाले नाही तर छोट्या डॉक्टरांच्या हातातली सुरी जाणार, आणि एकदा गेलेली सुरी परत मिळणे कठीण. नसेची विजेवरची तपासणी करायची म्हटले तर तिची तारीख महिन्यानंतरची. रुग्णालयाचे मालक असलेले मोठे डॉक्टर सकाळपासून एकच सांगत होते, की दोन ओळी माफीच्या लिहून दे आणि विषय मिटव. माफी लिहून देणे म्हणजे कबुली देणे, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते.

बाईंना पोरीची दया आली, पण दयेच्या मागोमाग शंकाही आली. नोंद लिहायची राहून गेली असेल आणि आता पानावर खापर फोडत असेल तर? आठचा आकडा काय, कुणीही घालेल.

त्यांनी फाइल मिटली. पाने ओवलेला नाडा त्यांच्या बोटाला लागला आणि त्या थांबल्या.

"ही गाठ कुणी मारली?" त्यांनी विचारले.

२

"आपल्याकडची नाहीच ही," फाइलभाऊ म्हणाले. तळघरातल्या फाइलींच्या रांगा हेच त्यांचे राज्य, आणि त्या राज्यात मुंगीसुद्धा नोंद करून शिरे. "आपण सुरगाठ मारतो. एक टोक ओढलं की सुटली. दिवसाला दोनशे फाइली उघडायच्या असतात, बाई. निरगाठ मारली तर नखं शिल्लक राहतील का? आणि हे बघा. नाड्याचं एका बाजूचं पत्र्याचं टोक कुठाय? टोक नसलं तर भोकातून नाडा ओवणार कसा? गाठ मारून उरलेलं शेपूट छाटून टाकलंय कुणीतरी. अक्कल बघा!"

त्यांना पान गेल्याचे एवढे दुःख नव्हते, नाड्याचे होते.

बाईंनी सरळ विचारले, "गेल्या महिन्यात छोट्या डॉक्टर तुम्हाला चारचौघांत बोलल्या होत्या ना?"

भाऊंचा चेहरा आंबट झाला. "बोलल्या. म्हणून मी पान फाडीन? तीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नाही माझ्याकडून."

"फाइल कुठेकुठे फिरली ते सांगा."

भाऊंनी वही काढली. ऑपरेशनच्या दिवशी दुपारी बाराला वॉर्डातून एक्स-रेच्या खोलीत. रुग्ण ढकलगाडीवर, फाइल नेहमीप्रमाणे नातेवाइकाच्या हातात. तीनला ऑपरेशनच्या खोलीत. त्यानंतर फाइल तळघरातच होती. एकदाच बाहेर गेली, गेल्या सोमवारी.

"कुणाकडे?"

"मोठ्या डॉक्टरांकडे. दिवसभर तिकडेच होती." भाऊंनी आवाज खाली आणला. "त्यांचा पुतण्या शिकून येतोय पुढच्या महिन्यात. हाडांचाच डॉक्टर आहे. जागा मात्र एकच आहे."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. गाठ घट्ट मारायची आणि उरलेले शेपूट छाटायचे, ही सवय कुणाची? टाके घालणाऱ्याची. आणि टाके घालणारे या इमारतीत दोघेच होते. एक मोठे डॉक्टर. दुसरी, खुद्द बाईंची ती 'पोरी'.

३

मोठ्या डॉक्टरांनी बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि ताकास तूर लागू दिली नाही.

"फाइल मी वाचली. सातवं पान तेव्हाही नव्हतं. मी गप्प राहिलो, कारण पोरीची अब्रू जाईल."

"अब्रू जाईल म्हणून गप्प राहिलात, की जागा रिकामी होईल म्हणून?"

ते हसले. असल्या माणसांना कोपरापासून नमस्कार, असे बाई एरवी म्हणत. आज नमस्कार करून भागणार नव्हते.

"एक्स-रेत कोपर जुनंच वाकडं दिसतंय," बाई म्हणाल्या. "लहानपणी मोडून तसंच जुळलंय. अशा कोपरात नस वर्षानुवर्षं ताणली जाते आणि पुढे कधीतरी मरते."

"कधीतरी. वाकड्या कोपराची माणसं मजेत म्हातारी होतात, बाई. समितीला अंदाज नको असतो, कागद हवा असतो. नाहीतर माफीनामा."

बाई उठून व्यायामाच्या खोलीत आल्या. मास्तरांची वेळ झालीच होती.

मास्तर चाळिशीचे, अंगाने शिडशिडीत, बोलायला कमी. बरोबर बायको आणि धाकटा भाऊ. बायको दुकानाचीच काजे-बटणे घरी आणून करणारी. बाकावर टेकताच तिने पिशवीतून सदरा काढला आणि सुई चालू केली. धाकटा नेहमीप्रमाणे दादाच्या शेजारी उभा राहिला. या व्यायामाला कुणीतरी खालून कोपर तळव्यावर धरावे लागते. ते काम तो घरीही सकाळ-संध्याकाळ करी.

मास्तरांचा हात रुग्णालयाच्या पट्टीत नव्हता, बायकोने शिवलेल्या जाड, अस्तराच्या झोळीत होता. हात बाहेर काढताना झोळी कुरकुरली.

"आत काय घातलंय?"

"बकरम," बायको मान वर न करता म्हणाली. "कॉलरीत घालतात तेच. ताठ राहावी म्हणून." आणि बटण संपवून तिने दोरा कट्कन दातांनी तोडला.

बाईंचा पहिला संशय मास्तरांवरच होता. बोटे बधिर असल्याचे ढोंग करणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या आणि बोथट सुई घेऊन एकेका बोटाला टोचू लागल्या. करंगळीला काहीच कळत नव्हते. शेजारच्या अनामिकेला मात्र करंगळीकडच्या बाजूने कळत नव्हते आणि मधल्या बोटाच्या बाजूने चांगले कळत होते. एकाच बोटाचे दोन वाटे. ढोंगी माणूस अख्खे बोट बधिर सांगतो. अर्धे बोट वाटून द्यायचे त्याला सुचत नाही. कोपर दारावर आपटले की जी नस करंगळीपर्यंत वीज पाठवते, ती बरोब्बर तेवढाच मुलूख सांभाळते.

मग त्यांनी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये एक कागद दिला. "घट्ट धरा. सोडायचा नाही." त्यांनी कागद ओढला. डाव्या हाताचा अंगठा सरळ राहिला. उजव्याचा पेरात वाकला, कागद धरून ठेवायची धडपड करू लागला, आणि कागद निसटला.

म्हणजे नस खरोखरच गेली होती. मास्तर खोटे बोलत नव्हते. बाईंना क्षणभर पोरीची काळजी वाटली.

त्यांनी मास्तरांचा तळवा पालथा केला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला मांसल उंचवटा जागेवर नव्हता. तिथे खड्डा होता. अंगठ्याचे अख्खे पेर मावेल एवढा.

बाईंनी तो खड्डा दोनदा चाचपला. नस मेली की स्नायू वाळतो, हे खरे. पण तो सावकाश वाळतो. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. एवढा खड्डा पडायला कितीतरी महिने लागतात.

त्यांनी वर पाहिले तेव्हा मास्तर त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

४

"उद्या सकाळी दहाला या," बाई म्हणाल्या. "आणि मास्तर, तुमची कात्री घेऊन या. पकड शिकवायची तर तुमच्याच हत्यारावर शिकवू."

"कशाला उगाच?" मास्तर म्हणाले.

"मी आणतो," धाकटा म्हणाला. त्याला बाईंनी औषधाच्या चिठ्ठीच्या निमित्ताने मागे थांबवले.

"तक्रार तूच दिलीस ना?"

"हो, मीच दिली. आणि मागे घेणार नाही." पोरगा एक पाऊल पुढे आला. "दादाचा हात म्हणजे काय होता, तुम्ही बघायला हवा होता. सहा थर कापड एका दमात कापायचा. वडील गेल्यावर मला त्यानंच वाढवलं, कात्री धरायला त्यानंच शिकवलं."

"मग तूही कटिंग करतोस?"

"करायचो. एकाच मेजावर कापायचो दोघं." त्याने आपल्या उजव्या तळव्याकडे पाहिले. "गेल्या वर्षी माल बिघडायला लागला. मुंढ्याच्या गोलाईवर, म्हणजे बाही जोडतात तिथं, कात्री घसरलेली असायची. दादाचं असं कधी व्हायचं नाही, म्हणजे माझंच. आठ महिन्यांपूर्वी मालकांनी काढलं मला. मलाही पटलं. माझ्या हाताला गुणच नाही, बाई. मी गेल्यावर दादा थर कमी घेऊन कापायला लागला, माल बिघडायचा थांबला. आता मी गठ्ठे उचलतो."

"दादा काय म्हणाला तेव्हा?"

"काय म्हणणार? महिनाभर जेवण गेलं नाही त्याला."

बाईंनी चिठ्ठी लिहून त्याच्या हातात दिली. मग सहज विचारल्यासारखे विचारले, "कात्रीची मूठ जड असेल ना त्याच्या?"

"जड आहे. म्हणून तर त्यानं मोठ्या कडीत चिंध्यांची पट्टी गुंडाळलीय, मागच्या बाजूनं. दीड वर्ष झालं असेल. कुणाला हात लावू देत नाही."

मागच्या बाजूने. म्हणजे करंगळी आणि अनामिका जिथे बसतात तिथे. ज्या बोटांत बळ नाही त्यांची जागा चिंध्यांनी भरून काढलेली.

नस कधी गेली ते आता बाईंना कळले होते, पण पान कुणी काढले ते कळले नव्हते. खोलीत जाऊन त्यांनी फाइल पुन्हा घेतली, नाड्याचे छाटलेले टोक खिडकीच्या उजेडात धरले आणि भिंग लावले.

डॉक्टर कात्रीने कापतो. कापलेली कड सरळ असते. ही कड चपटी होती, ओली होऊन सुकलेली, तंतू चघळल्यासारखे. आणि त्यांना दुपारचा तो बारीक 'कट्' आवाज आठवला.

५

सकाळी दहाला बाईंनी छोट्या डॉक्टरांना आणि मोठ्या डॉक्टरांना आधीच बोलावून बसवले होते. मास्तर, बायको आणि धाकटा आले. कात्री मेजावर ठेवली गेली.

"वहिनी, एक काम करा," बाई म्हणाल्या. "माझ्या कोटाचं बटण निघालंय. लावून देता?"

बायकोला आश्चर्य वाटले, पण तिने सुई काढली. चार टाके, दोन वेढे, गाठ घट्ट ओढली आणि खाली वाकून उरलेला दोरा दातांनी तोडला. तोडला आणि ती तशीच थांबली. कारण बाईंनी बटणाशेजारी फाइल आणून ठेवली होती.

"इथं सगळे सुरगाठ मारतात," बाई म्हणाल्या. "ही निरगाठ आहे. फाइलभाऊ जीव गेला तरी नाड्याचं टोक छाटणार नाहीत. डॉक्टर छाटतील, पण कात्रीनं. हे दातांनी तोडलंय. ज्याची रोज शंभर बटणं लावून होतात, त्याच्या तोंडाला ते काम कधी झालं ते कळतसुद्धा नाही. ऑपरेशनच्या दिवशी बाराला एक्स-रेकडे जाताना फाइल तुमच्या हातात होती."

"मी कशाला पान काढू?" बायकोचा आवाज फुटला. "माझ्या काय उपयोगाचं ते?"

"त्यावर जे लिहिलं होतं, ते मास्तरांनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं म्हणून. तुम्हालाही ते तिथंच कळलं."

"पुरे," धाकटा पुढे झाला. "माझ्या वहिनीला चोर म्हणता? पान कुठाय? दाखवा!"

"बकरम कुरकुरत नाही रे," बाई म्हणाल्या. "कागद कुरकुरतो."

सगळे मास्तरांच्या गळ्यातल्या झोळीकडे बघू लागले. सर्वांत जास्त दचकले ते मास्तर. त्यांनी बायकोकडे पाहिले. तिने मान खाली घातली.

बाईंनी झोळी सोडवून मेजावर ठेवली. मास्तरांनी डाव्या हाताने ती ओढायचा प्रयत्न केला, पण धाकट्याने आधीच कात्री उचलली होती. वहिनीवरचा आळ खोटा पाडायच्या घाईत त्याने पट्टी गुंडाळलेल्या कडीत बोटे कशीबशी कोंबली आणि झोळीची गोलाई शिवणीला लागून एका दमात उघडली. आतून चौघडी घातलेला कागद निघाला. कोपऱ्यात सातचा आकडा होता.

तो मोठ्याने वाचू लागला. "करंगळी पूर्ण बधिर. अनामिका अर्धी. बोटं फाकवता येत नाहीत. स्नायू वाळलेले. रुग्ण सांगतात, वर्षाहून जास्त काळ असं आहे, कामात कात्री..." त्याचा आवाज खाली आला. "कात्री घसरते. घरी कुणालाही सांगितलेलं नाही."

त्याने पान मेजावर ठेवले.

"भावजींच्या हाती पडू नये म्हणून काढलं. जाळून टाकणार होते," बायको म्हणाली. "हात उठेना. त्यांनी कधी नाही ते खरं सांगितलं होतं, आणि ते एवढ्या एकाच कागदावर होतं. झोळीत शिवलं. वाटलं, त्यांच्याजवळच राहू दे."

"मी तक्रार दे म्हटलं नव्हतं," मास्तर पुटपुटले. "तू म्हणालास, डॉक्टरनं नस कापली. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"आणि मालकांनी मला काढलं तेव्हा?"

"तेव्हाही नाही म्हटलं नाही." मास्तर रडत होते, आणि उजव्या हाताने डोळे पुसायला गेले तर कोपर वर येत नव्हते. "मेजावरून उतरलो असतो तर घर कशावर चाललं असतं? तू तरुण आहेस, तुला दुसरं काही मिळेल वाटलं. मग रोज वाटायचं, उद्या सांगू."

 धाकटा झोळीची कापलेली कड बघत होता. त्याने ती उजेडात धरली, अंगठा फिरवला. गोलाईवर कुठेही कात्री घसरली नव्हती. दुसऱ्याच्या पट्टीत बोटे कोंबून, रागात कापलेली कड. तरी ती जशी हवी तशी आली होती.

"माझा हात चांगला होता," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळले नाही. "दादा, माझा हात चांगला होता."

मग त्याने कात्रीवरची काळी पडलेली पट्टी उलगडून मेजावर ठेवली, चारही बोटे कडीत घातली, आणि कात्री घेऊन बाहेर गेला. जाताना दाराशी बसलेल्या छोट्या डॉक्टरांसमोर थांबला. "चारला येतो. तक्रार मागे घेतो," एवढेच म्हणाला.

६

समिती दहा मिनिटांत उठली. छोट्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी एक मोडलेले मनगट बसवले आणि फाइलीची सगळी पाने तीनदा मोजली. मोठे डॉक्टर आता सगळ्यांना सांगत होते, की पोरीवर त्यांचा पहिल्यापासून विश्वास होता. फाइलभाऊंनी नवा नाडा घातला.

आठवड्याने मास्तर व्यायामाला आले. हात रुग्णालयाच्या साध्या पट्टीत होता. बायको बाहेरच्या बाकावर बसून बटणे लावत होती. धाकट्याला मालकांनी परत मेजावर घेतले होते. मास्तरांनी स्वतः जाऊन सगळे सांगितल्यावर घेतले, हे बायकोकडून कळले. तो वेगळा राहायला गेला होता.

बाईंनी कोपर हाताने चाचपले. आखडले होते. मागच्या वेळेपेक्षा निदान बोटभर कमी वाकत होते. तरी त्यांनी सवयीने विचारले, "घरी व्यायाम केला का?"

मास्तरांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिले.

"नाही केला, बाई. खालून कोपर धरायला कुणीतरी लागतं. तो येत नाही आता."

तीस वर्षांत हे उत्तर बाईंनी पहिल्यांदा ऐकले.  बायकोला आत बोलवावे असे एकदा वाटले, पण त्यांनी बोलावले नाही. चष्मा काढून पुसला, परत लावला. मग स्टूल ओढून त्या मास्तरांसमोर बसल्या आणि आपला तळवा त्यांच्या कोपराखाली धरला.

"वाकवा," त्या म्हणाल्या.